गळीत हंगामातला नाताळ

कोल्हापूर,
शनिवार, 20 डिसेंबर 2025

चि. बाळू यास,

अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तू फोन आपटलास. आता फोन आपटता येत नाही हे खरं, पण ज्या रीतीनं तू तो बंद केलास त्याला आमच्या वेळी आपटणंच म्हणायचे. परत लावला असता तर पुन्हा तेच झालं असतं, म्हणून लिहायला बसलोय. खालच्या काकूंचे जावई उद्या दुपारी चिंचवडला निघालेत. डबा आणि हे पत्र त्यांच्या हाती देतोय. डब्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या आहेत. नानकटाई वरच्या कप्प्यात आहे, ती आधी संपव. केक पाठवलेला नाही. केक इथं आल्यावर.

तुझ्या आईनं बजावलंय की पत्रात तुझ्या नव्या बाईकचा विषय काढायचा नाही. सणाच्या तोंडावर पोराला भाषण नको म्हणे. नाही काढत. इकडचंच लिहितो.

थंडी चांगली पडलीय. सकाळी फिरायला पंचगंगेच्या घाटाकडं जातो तर पलीकडचा काठ दिसत नाही इतकं धुकं. शिरोलीपासून पुढं हायवेला दोन्ही अंगाला रानं, पाणी पाजलेले उसाचे फड, तिथं याहून दाट असणार. ते जाऊ दे.

परवा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार झाला. खालच्या काकूंकडं उद्यापनाला आईला दरवर्षीसारखं बोलावणं होतं. येताना केळं आणि कथेचं पुस्तक घेऊन आली. अशी पुस्तकं आता आपल्याकडं बरीच जमलीत. आई टाकत नाही, कपाटात बायबलच्या खालच्या कप्प्यात रचून ठेवते. आणि मार्गशीर्ष संपला की या गावात काय होतं ते तुला सांगायला नको. उद्याचा रविवार म्हणजे मटणाच्या दुकानापुढं उजाडल्यापासून रांग. 25 तारखेचं मी आत्ताच सांगून ठेवलंय. 2019 च्या डिसेंबरात मटणाच्या दरावरून गावात वाद पेटला होता, तेव्हा आपण नाताळ कोंबडीवर काढला होता आणि आजी ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बोलून दाखवत होती. आठवतंय? "कोंबडीचा कसला पांढरा रस्सा," म्हणायची.

नानकटाई भाजून आणायला मीच गेलो होतो. बेकरीत ही गर्दी. सगळ्यांची घमेली ओळीनं मांडलेली, भट्टीवाला पोरगा एकटा. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आईनं प्रत्येक नानकटाईवर एकेक चारोळी दाबून दिली होती. शेजारच्या बाईंनी काजूचा तुकडा लावलेला. तरी त्या पोरानं आमच्या पत्र्यातल्या चार तिकडं टाकल्याच, आणि त्यांच्या चार आपल्याकडं आल्या. तुला काजूची लागली तर ती आपली नव्हे.

तारा लावला. सांगाडा तोच, तू सातवीत असताना कामट्या तासून केलेला, एक पाय आखूड. यंदा फक्त जिलेटीन बदललं आणि आत एलईडीचा दिवा टाकला. शिडीवर मी चढलो. आई खाली शिडी धरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होती, या वयात काय नाटकं म्हणून. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू. तुला गुरुवारी माझा आला असेल तसाच.

तात्यांच्या दारात यंदाही तारा नाही. मी कामट्या आणि कागद घेऊन गेलो होतो. तिथल्या काकूंनी चहा केला. तात्यांनी पेपर वाचला. मी कामट्या परत घेऊन आलो.

चर्चमध्ये गाण्यांच्या तालमी रोज संध्याकाळी सातला. तुझ्या जागेवर सध्या पाळकसाहेबांचा धाकटा उभा राहतो. पोरगा चांगला आहे, पण खालचा सूर लागला नाही की मान खाली घालतो, जणू सूर पायाशी पडलाय. परवा तालमीनंतर पाळकसाहेब संडे स्कूलच्या पोरांना अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेबांची गोष्ट सांगत होते. 1852 साली साहेब कोल्हापुरात आले, तेव्हा इथं काही नव्हतं. रेल्वे तर 1891 ला आली. पोरं ऐकत होती ती साहेबांच्या कामाबद्दल. मी मागच्या बाकावर बसून काय विचार करत होतो सांगू? साहेब एवढ्या लांबून आले, ते रात्री मुक्काम करत करतच आले असणार. दिवस बुडाला की गाडी सोडायची, जेवायचं, झोपायचं, उजाडल्यावर पुढं. आणि त्यांचं काही अडलं नाही.

तर बघ, आलाच विषय. आता आलाय तर पुरता लिहितो आणि मग बंद करतो.

तुझं म्हणणं असं की 23 ला सेकंड शिफ्ट सुटली की चाकणवरून थेट निघायचं, रात्री रस्ता मोकळा असतो, चार-पाच तासांत घरी. रस्ता मोकळा असतो हे तुला कुणी सांगितलं? मी त्या रस्त्यावर एसटी चालवण्यात जन्म घातला. अकराला निघालास, बायपासनं कात्रज, खंबाटकी, सातारा केलंस, की कराड ओलांडताना तीन वाजतात. तिथून पुढं पेठ नाका, कामेरी, किणी, वाठार. म्हणजे ज्या वेळेला माणसाचा डोळा लागतो नेमक्या त्या वेळेला तू उसाच्या पट्ट्यात. आम्ही ड्रायव्हर लोक घाटाला भीत नव्हतो. घाटात माणूस जागा असतो. आम्ही भ्यायचो पहाटेच्या तीन ते पाचला, सरळ रस्त्याला. त्यात सहापदरीचं काम अजून चालूच आहे. काल जिथं सरळ होतं तिथं आज डायव्हर्जन, आणि आठ तास मशीनवर उभा राहिलेला माणूस ते वळण उशिराच बघतो.

आणि यंदा अमावास्या नुकतीच झालीय. 23 च्या रात्री तू निघेपर्यंत चंद्र कधीचा मावळलेला असणार.

एक गोष्ट तुला माहीत नाही. आपल्या तरुण संघानं यंदा ठरवलं की नाताळाच्या आठवड्यात नुसती गाणी म्हणत फिरायचं नाही, उसाच्या गाड्यांना रेडियम लावायचं. मी त्यांच्याबरोबर जातोय. मंगळवारी आणि काल, असे दोनदा गेलो. कारखान्याच्या रस्त्यावर रात्री आठ-नऊला नंबर लागलेला असतो. ट्रॅक्टर, त्यामागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यामागं बैलगाड्या. उसाचा तो गोड-आंबूस वास, राख, शेण, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. रेडियम लावायचं म्हणजे नुसतं चिकटवायचं नाही. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर चिखलाचा बोटभर थर असतो. आधी पत्र्यानं खरवडायचं, मग ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, मग लाल पट्टी. आणि एवढं करून मी दहा पावलं मागं जाऊन बॅटरी मारली तर काय, पट्टी दिसेचना! उसाच्या शेंड्याची वाढी फळीच्या खाली हातभर लोंबत होती. तिनं पट्टीही झाकली आणि मुळात असलेला लाल दिवाही. मग पोरांनी ती वाढी कोयत्यानं छाटली. तेवढ्यात नंबर पुढं सरकला आणि ट्रॅक्टर निघून गेला. मागची ट्रॉली तशीच राहिली.

ट्रॅक्टरवाला पोरगा बीडकडचा, तुझ्याच वयाचा. मी त्याला म्हटलं, बाबा, मागचा दिवा तरी लाव. तो म्हणाला, "आमी म्होरं बगतो मामा, मागचं मागचा बगंल." वाईट पोरगा नव्हता. त्यानं चहा विचारला. पहाटे चारपासून जागा होता म्हणे. हा असा पोरगा तुझ्या पुढं चाललेला असणार, तोही झोपेत, तूही झोपेत.

ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. डिप्परचा उजेड चाळीस-पन्नास मीटर धर. म्हणजे ट्रॉली दिसल्यापासून तुझ्याजवळ दोन सेकंद. त्यात समोरच्या एखाद्यानं अप्पर मारला आणि डोळे दिपले, तर तेवढेही नाहीत. ट्रॉली चालते ती माणूस सायकल मारतो त्या वेगानं, चढाला तर उभीच म्हण. हे मी नव्या ड्रायव्हरांना सांगायचो आणि ते मान हलवायचे, तू आत्ता हलवत असशील तशीच. तात्यांच्या दादाला हे मी त्यांच्याच अंगणात उभं राहून सांगितलं होतं. त्यानंही हलवली होती.

बस. भाषण झालं. आई म्हणाली होती तेच झालं. रागावू नकोस, माझं तोंड गाडीच्या बाबतीत एकदा सुटलं की ब्रेक लागत नाही, हे तुझ्या आईचं वाक्य आहे, माझं नव्हे.

तुला वाटत असेल बापाला गाडी घेतलेली आवडली नाही. तसं नाही. तू फोटो पाठवलास त्या दिवशी मी तो घेऊन सीबीएसवर, आपल्या एसटी स्टँडवर, गेलो होतो. रिटायर झालेले आम्ही चौघे-पाच जण अजून तिथल्या चहाच्या गाड्यावर जमतो. फोटो सगळ्यांच्या हातांतनं फिरला. एकानं विचारलं, कर्ज किती? मी म्हटलं, निम्मे पैसे रोख भरलेत पोरानं, बापाकडं एक रुपया मागितला नाही. मग चहाचे पैसे मीच दिले सगळ्यांचे. गाडीचा रंग मात्र काळा घ्यायला नको होतास, रात्री दिसत नाही. बघ, पुन्हा.

लहानपणी तूच मला शिकवायचास. राधानगरीच्या गाडीला शनिवारी तुला बरोबर न्यायचो, तेव्हा इंजिन ड्रायव्हरशेजारी आत असायचं, त्याच्या बॉनेटवर पोतं टाकून तुला बसवायचो. खालनं चटका बसायचा तरी उठायचा नाहीस. समोरनं दिवे आले की ओरडायचास, "पप्पा, डिप्पर!" कंडक्टर हसायचा. पॅसेंजरही हसायचे. एकदा मी मुद्दाम उशीर केला तर तू हात लांब करून स्वतःच बटन शोधायला लागलास. हळदी गावाच्या अलीकडं होतं ते. नंतर माझी अशी सवय झाली की तू नसतानाही दिवे दिसले की तुझा आवाज यायचा आणि मी डिप्पर मारायचो.

नाताळाच्या दिवशी मी घरी असायचो ते कसं, हे तुला कधी सांगितलं की नाही आठवत नाही. दिवाळीत आणि ईदला मी गाडीवर उभा राहायचो. भाऊबीजेला तर हटकून माझी ड्यूटी, सगळ्यांच्या बहिणी मीच पोचवायचो. त्याच्या बदल्यात 24 ची रात्र आणि 25 चा दिवस कुणीतरी माझी गाडी काढायचं, न मागता. कंट्रोलरसुद्धा चार्ट लावताना माझं नाव बाजूला ठेवायचा. एका वर्षी ऐनवेळी माणूस कमी पडला आणि 24 ला मला स्वारगेटची रात्रीची गाडी काढावी लागली. तू बारावीला होतास. 25 ला सकाळी उपासना सुरू झाल्यावर मी आलो, खाकीतच मागं उभा राहिलो. तू गाताना मला बघितलंस आणि तुझा सूर हलला. घरी आल्यावर म्हणालास, रात्रभर झोपलो नाही. मी म्हटलं, का रे, परीक्षेचं काय? म्हणालास, "नाही, तुम्ही रस्त्यावर होता."

आता हे मी तुला टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. लिहिता लिहिता आठवलं.

तर आता मुद्द्याचं. 24 तारखेची सकाळची गाडी, स्वारगेटवरून, तुझ्या नावानं रिझर्व्हेशन केलंय. गुरुवारी फोन व्हायच्या आधीच केलं होतं, म्हणून तर मी तेवढा आवाज चढवला. ड्रायव्हरच्या मागची सीट आहे. तिकीट ताईच्या मोबाईलवर आलंय, ती तुला पाठवेल, तिला मी काही बोलू नको असं सांगितलंय त्यामुळं बहुतेक एव्हाना पाठवलंही असेल. दुपारी दोन-अडीचला पोचशील. तालमीला सातला उभा राहशील. रेल्वेनं यायचं तर महालक्ष्मी आहे, मध्यरात्रीनंतर पुण्याला येते आणि सकाळी इथं सोडते, पण नाताळात जागा मिळायची नाही.

आणि गाडीच आणायची असेल, तात्यांना आणि गल्लीला दाखवायची असेल, तर ती हौस मला कळते. मग असं कर. 23 ला शिफ्ट सुटली की झोप. अलार्म लावून नाही, पोटभर. 24 ला चांगलं उजाडल्यावर निघ. साताऱ्याला नाष्टा, कराडच्या पुढं एकदा खाली उतरून पाय मोकळे कर. उसाच्या ट्रॉलीच्या मागं राहू नकोस आणि डावीकडनं तर काढूच नकोस, दुसरी ट्रॉली झोल खाते. रस्त्यावर पडलेल्या उसावरनं ब्रेक मारायचा नाही. कानात ते गाण्याचं बोंडूक नको. डब्याच्या खाली, पेपरात गुंडाळून, लाल रेडियमचा तुकडा ठेवलाय. आमच्या कामातनं उरलेला आहे, चोरलेला नाही, पैसे दिलेत. मागच्या मडगार्डवर आडवा लाव, हेल्मेटच्या मागं एक बारीक पट्टी. आधी पुसून घे. तुला बेंगरूळ वाटेल. वाटू दे, नंतर काढ.

यातलं काय करायचं ते तूच ठरव. तू आता लहान नाहीस, पगार माझ्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त आहे, हे मी सगळ्यांना सांगत असतो. मला फक्त रात्र नको आहे. तात्यांकडच्या काकूही मला दळणाच्या वेळी रस्त्यात विचारत होत्या, बाळू कशानं येणार म्हणून. मी म्हटलं, एसटीनं. खोटं पडलो तर पडलो.

बाकी आजीचा गुडघा बरा आहे. तिनं तुझ्यासाठी मफलर विणायला घेतलाय, रंग विचारू नकोस. पाण्याचा नळ अजून तसाच. सोमवारी कॅरलवाली पोरं आपल्याकडं येणार, आई कॉफी करणार आहे आणि मी त्यांना ट्रिपल सीट येऊ नका असं आत्ताच कळवलंय, त्यावर कुणी उत्तर दिलेलं नाही.

पत्र वाचलंस की फोन आईला कर, मला नको. काय ठरलं ते तिला सांग. पण सोमवार संध्याकाळच्या आत सांग, मटणवाल्याला दीड किलो सांगायचं की दोन, ते अडलंय. आणि डबा खालच्या काकूंचा आहे, येताना विसरू नकोस.

तुझा,
पप्पा